व्हीलचेअरच्या नावाखाली घेतलेले 62 हजार

ज्या ट्रॅव्हल एजंटनं आम्हाला परदेशी सहलीत फसवलं, तोच ठाण्यात आमच्या ओळखीच्या आणखी एका घरी जाऊन आला, असं परवा कळलं. त्या घरातले आजोबा पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहेत आणि मुलांनी त्यांना दुबईला न्यायचं ठरवलंय. म्हणून वेळ न घालवता लिहितेय. नाव घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याची पद्धत सांगते, कारण ती ओळखता आली तर पुढचं नुकसान टळेल.

आमच्या ताईला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी, सगळं तिनं कॅलिपर (पायाला लावायचा आधार) आणि कुबड्यांवर केलं. पन्नाशी उलटल्यावर खांद्यांनी साथ सोडली आणि ती व्हीलचेअरवर आली. निवृत्त झाल्यावर म्हणाली, "एकदा परदेश बघायचाय मला. पैसे माझे, धावपळ तुमची." सिंगापूर ठरलं. ताई, मी, माझा नवरा आणि कॉलेजला जाणारा आमचा मुलगा, डिसेंबर 2024, पाच रात्री.

ज्येष्ठ नागरिकांच्या एका प्रदर्शनात या एजंटचा स्टॉल होता. 'दिव्यांगांच्या सहलींचे तज्ज्ञ' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. बोलायला अतिशय गोड. ताईच्या समोर गुडघ्यावर बसून, तिच्या डोळ्यांत बघून बोलला. लोक सहसा ताईच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात, "यांना चहा चालतो का?" असं मला विचारतात. त्यामुळे या माणसानं ताईचं मन तिथेच जिंकलं. पुढच्या भेटीसाठी आम्ही नौपाड्यातल्या त्याच्या ऑफिसात येतो म्हणालो, तर म्हणाला, "छे छे मॅडम, तुम्हाला कशाला त्रास? मीच घरी येतो." आम्हाला त्याची माणुसकी वाटली. त्याचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना माझ्या नवऱ्यालाही आडवं होऊन चढावा लागतो, हे आम्ही परत आल्यावर भांडायला गेलो तेव्हा पाहिलं. जो माणूस वर्षानुवर्षं व्हीलचेअरवाल्यांच्या सहली काढतो, त्याच्या ऑफिसात आजवर एकही व्हीलचेअर गेलेली नव्हती. हे आधी जाऊन बघितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

चौघांचं पॅकेज 2 लाख 98 हजार. त्यावर 'विशेष सहाय्य' म्हणून 62 हजार. त्याची फोड त्यानं एका कागदावर पेनानं करून दिली होती, तो कागद अजून माझ्याकडे आहे: विमानतळावर व्हीलचेअर सहाय्य 12 हजार, चौघांचं अरायव्हल कार्ड (देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) 6 हजार, लिफ्ट असलेली गाडी चार दिवस 28 हजार, खास रूम 16 हजार. या 3 लाख 60 हजारांवर जीएसटी 18 हजार आणि टीसीएस (एजंटनं आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) 18,900. एकूण 3 लाख 96 हजार 900. लिफ्टच्या गाडीचा फोटो मोबाइलवर दाखवला, मागचं दार उघडून खुर्ची वर उचलणारी. ताई तो फोटो कितीतरी वेळ बघत होती.

आता यातलं एकेक सांगते.

विमानतळावरचं व्हीलचेअर सहाय्य एअरलाइन फुकट देते. दिव्यांग प्रवाशाची स्वतःची व्हीलचेअरही फुकट नेते. उड्डाणाच्या निदान 48 तास आधी कळवायचं, एवढंच. कळवताना तीन प्रकारचे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. ताईला शेवटचा हवा. त्यानं टाकला होता पहिला. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पायऱ्या चढता ना?" तेव्हा आम्हाला कळलं. तिनं धावपळ करून मुंबईत सोय केली, पण सिंगापूरला उतरताना सीटांमधून जाणारी ती अरुंद खुर्ची कुणी मागवलेलीच नव्हती. सगळं विमान रिकामं झालं, सफाईवाले आले, त्यांनी आमच्या आजूबाजूच्या सीटांचे कपडे बदलले, आणि ताई हातात पासपोर्ट धरून बसून होती. पाऊण तास. 12 हजार या सेवेचे.

अरायव्हल कार्ड सिंगापूर सरकारच्या इमिग्रेशनच्या साइटवर आपलं आपण भरायचं असतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. व्हिसा वेगळा, तो भारतात अधिकृत एजंटामार्फतच काढावा लागतो आणि त्याची फी असते. या दोन्हींची सरमिसळ करून त्यानं 6 हजार लावले.

आणि गाडी. चांगी विमानतळाबाहेर नेहमीची तेरा सीटची व्हॅन उभी होती, आत चढायला दोन उंच पायऱ्या. ड्रायव्हर वयस्क चिनी गृहस्थ. त्यांनी व्हॅन बघितली, ताईकडे बघितलं आणि खिशातून व्हाउचर काढून आमच्यापुढे धरलं. त्यावर छापलं होतं: चार प्रवासी, एक घडीची व्हीलचेअर. बस्स. लिफ्टचा उल्लेखच नाही. मी एजंटला फोन लावला. ठाण्यात पहाटेचे साडेपाच. पहिल्या रिंगला उचलला, म्हणाला, "मॅडम, ऐनवेळी ती गाडी बिघडली. आजच्या दिवस जरा ॲडजस्ट करा ना, मी आहे ना." हे 'मी आहे ना' आम्ही पुढचे पाच दिवस ऐकलं.

माझ्या मुलानं मावशीला उचलून व्हॅनमध्ये बसवलं. वाचणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. आमची ताई आठ वर्षांची असल्यापासून कुणाला उचलू देत नाही. सीट खुर्चीच्या उंचीची असली की ती हातांच्या जोरावर स्वतः सरकते, त्यासाठी तिनं आयुष्यभर दंड कमावलेत. भाच्याच्या खांद्यावर मान टाकून ती वर गेली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते.

हॉटेलात 16 हजारांची 'खास रूम' म्हणजे साधी जुळ्या पलंगांची खोली निघाली. बाथरूमच्या दाराशी व्हीलचेअर अडली. मी पर्समधली शिवणकामाची टेप काढून मोजलं: दार 58 सेंटिमीटर, ताईची खुर्ची 64. आत बाथटब, त्याची कड माझ्या गुडघ्याएवढी. रिसेप्शनवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की बुकिंगमध्ये व्हीलचेअरची काहीच नोंद नाही. त्यांच्याकडे तशा दोन खोल्या होत्या, पण दोन्ही भरलेल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्रीही आम्ही ताईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, खुर्ची तिरकी करून आत नेलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ताई दुपारी चारनंतर पाणीच पीत नाहीये. रात्री उठावं लागू नये म्हणून. सिंगापूरच्या त्या दमट उकाड्यात! संध्याकाळी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की गार्डन्स बाय द बे या बागेत जायचं रद्द केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं सरळ दुसऱ्या हॉटेलांना फोन लावले आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: बाथरूमचं दार किती रुंद, आणि शॉवरला उंबरा आहे का? तिसऱ्या हॉटेलानं खोलीचे फोटो पाठवले. तीन रात्रींचे वरचे 39 हजार आम्ही भरले. ताईनं त्या खोलीत गेल्या गेल्या दार लावून घेतलं आणि तब्बल तासभर अंघोळ केली.

गाडीही सोडून दिली, आणि मग जे कळलं त्यानं मला सगळ्यात जास्त राग आला. सिंगापुरात मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. सगळ्या सार्वजनिक बसमध्ये व्हीलचेअर जाते. पहिल्यांदा बसस्टॉपवर उभे राहिलो तेव्हा छाती धडधडत होती, मागे लोक खोळंबतील, कुणी बडबडेल. बस थांबली, ड्रायव्हर स्वतः खाली उतरला, मधल्या दाराच्या जमिनीत बसवलेली फळी त्यानं उचलून फुटपाथवर टाकली आणि बाजूला उभा राहिला. ताई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. मधोमध व्हीलचेअरची जागा असते, तोंड मागे करून लावायची, बाजूला उतरण्यासाठी वेगळं बटण. कुणी हूं की चूं केलं नाही. ताईनं त्या दिवशी विनाकारण तीन बस बदलल्या. रात्री गार्डन्स बाय द बेमध्ये सुपरट्री नावाच्या उंच कृत्रिम झाडांवरचा दिव्यांचा खेळ बघितला, पावणेनऊचा, त्याला तिकीट नसतं. शहर तिच्यासाठी सज्ज होतं. आम्हाला मात्र त्याच शहरात फिरण्यासाठी न आलेल्या गाडीचे 28 हजार मोजायला लावले होते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की या लोकांची हातचलाखी समजून घ्या. जे फुकट आहे त्याचे ते पैसे घेतात. आणि ज्याला खरोखर पैसे पडतात, म्हणजे रुंद दाराची खोली, लिफ्टची गाडी, ते बुकच करत नाहीत. परदेशात पोहोचल्यावर आपण आजारी किंवा अपंग माणूस सोबत घेऊन काय भांडणार, कसंतरी निभावून नेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एअरलाइनला पीएनआर सांगून स्वतः फोन करा आणि कोड कुठला टाकलाय ते विचारा. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर (तिची क्षमता) तेव्हाच सांगून लेखी उत्तर घ्या. हॉटेलचं नाव एजंटकडून आधी काढून घ्या आणि हॉटेललाच ईमेल करा. आमच्या माणसानं हॉटेलचं नाव आणि व्हाउचर निघायच्या आदल्या रात्री दिलं, "सरप्राइज आहे" म्हणून. आणि फोनवर जे जे कबूल होईल ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 'बरोबर ना?' असं विचारा. तो लिहायचं टाळायचा, मग हसून फोन करायचा. तिथेच कान टवकारायला हवे होते.

पैशांचं तर अजून बाकीच आहे. निम्मी रक्कम त्यानं यूपीआयनं एका बाईच्या वैयक्तिक नावावर घेतली, 'आमचंच अकाउंट आहे' म्हणून, आणि उरलेली रोख. जुलैमध्ये ताई स्वतःचं रिटर्न भरायला बसली. बँकेतली बाई, कुणाकडून भरून घेत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कापलेला टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात दिसतो, आपल्याला तो कराला वळता करून मिळतो. तिनं ते विवरण, म्हणजे 26एएस, उघडलं तर 18,900 कुठेच नाहीत. मग पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला. नोंदणी रद्द झालेली, तीही आम्ही त्याला भेटण्याच्या आधी. म्हणजे 18 हजार आणि 18,900, दोन्ही त्याच्या खिशात. हा क्रमांक कुणालाही दोन मिनिटांत फुकट तपासता येतो. आम्ही तो पैसे देण्याआधी तपासला असता तर, हा विचार अजून छळतो.

परत आल्यावर लगेच आम्ही त्या ड्रायव्हरच्या व्हाउचरवरून सिंगापूरच्या कंपनीला ईमेल केला होता. दोन दिवसांत उत्तर आलं: लिफ्टची गाडी या बुकिंगसाठी कधीच मागवलेली नव्हती. तोच कागद आज सगळ्यात उपयोगी पडतोय. म्हणून तिथल्या तिथे व्हाउचरचा फोटो काढून ठेवा, दारावर टेप धरून फोटो काढा, रिसेप्शनवरून बुकिंगचा तपशील लिहून घ्या. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तेव्हा तो 20 हजार घेऊन घरी आला, सोबत टाइप करून आणलेलं पत्र, 'सेवेबाबत आम्ही समाधानी आहोत'. त्यावर ताईची सही हवी होती. ताईनं चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्यात. तुम्ही या आता."

मग ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील नसला तरी चालतो. मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे 'जाऊ दे आता' म्हणत बसू नका. ताईनं स्वतः मसुदा लिहिला, मी फक्त कागद स्कॅन केले. निकाल अजून व्हायचाय.

आणि ताई आता मलेशियातल्या पेनांगचं बघतेय. या वेळी एजंट नाही. हॉटेलला तिनंच ईमेल केला होता, बाथरूमच्या दारावर टेप लावलेला फोटो पाठवा म्हणून. काल आला. 86 सेंटिमीटर.