आय रांगेतल्या चार खुर्च्या आणि ५,८३६ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, लाज एकदाची मोकळी होऊ दे. दिवाळी पहाटेची चार तिकिटं, ९०० ला एक, म्हणजे ३,६००. ‘नाव बदलण्याची फी’ २३६. (२०० अधिक १८ टक्के जीएसटी. भामट्याने जीएसटीसुद्धा लावला!) शिवाय ‘गेटवर परत मिळणारं डिपॉझिट’ २,०००. एकूण ५,८३६. एका तिकिटाची छापील किंमत होती ५००.

मोबाइलच्या ग्रुपवर तिकिटं विकणाऱ्याचं ‘अचानक गावी निघालोय’, मग पीडीएफ, मग ‘अजून एक जण मागतायत, पटकन सांगा’ हे सगळ्यांना पाठ आहे. मलाही होतं. मी फसले ती खुर्च्यांना. ‘आय १४ ते १७, मधोमध,’ असं त्याने लिहिलं, आणि मैफलीची खरी जागा तीच.

पहिली रांग मिळाली की लोक पेढे वाटतात. नाट्यगृहात मुख्य स्पीकर मंचाच्या दोन कडांना असतात. पहिल्या दोन-तीन रांगांत त्यांचा झोत बाजूने निघून जातो आणि कानावर पडतो तबल्याचा थेट आवाज, वर कलाकारांच्या मॉनिटरचा, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, गलबला. मंच उंच असेल तर कथकची पावलं दिसत नाहीत, मान तेवढी आखडते. आठवी ते बारावी रांग, त्यातही मधल्या आठ-दहा खुर्च्या, इथे दोन्ही बाजूंचा आवाज सारखा पोचतो. तबल्यासाठी जाणाऱ्यांनी मधून दोन खुर्च्या डावीकडे सरकावं, कारण तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे बसतो. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा फुकट दिल्या तरी घेऊ नका. तिथे गाणं घोंगडी पांघरून आल्यासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी, फक्त कठडा डोळ्यांच्या आड येत नाही ना ते बघा. मैदानावर साउंडवाल्याचं टेबल शोधायचं आणि त्याच्या पुढच्या चार-पाच रांगा धरायच्या. तो स्वतःच्या कानाने जुळवतो, म्हणून तिथला आवाज सर्वात नीट. टेबलाच्या मागे बसलात तर तंबूची कापडं बघत बसाल.

एवढं कळतं, आणि तरीही.

ए, बी, सी मोजत गेलं की नववं अक्षर आय. नववी रांग! हुरळले. पण आय आणि एक, ओ आणि शून्य यांचा घोळ नको म्हणून कित्येक नाट्यगृहं ही दोन अक्षरं गाळतात. या नाट्यगृहातही एचनंतर थेट जे आहे. तिथे जे रांगेत मी कितीदा बसलेय! पीडीएफवर ‘आय’ ठळक छापलं होतं, मी ते मोठं करून पाहिलं आणि पिन टाकला. पिन टाकण्याआधी समोर नाव आलं ते एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं. तेही वाचलं. वाटलं, असेल कुणा भावाचं.

पहाटे पावणेसहाला डोअरकीपरने तिकिटावर बॅटरी मारली. ‘ताई, आय रांग नाहीच इथे.’ दारात माझ्या मागे उभे असलेले सगळे ऐकत होते.

हावरट म्हणू नका. बुकिंगचा प्लॅन उघडून वीस मिनिटांत मधल्या सगळ्या खुर्च्या गेल्या, उरली बाल्कनी, आणि सोबतच्या सासूबाईंना जिने चढवत नाहीत. (बुकिंगच्या खिडकीवर आदल्या संध्याकाळी सोडलेल्या खुर्च्या कधीकधी मिळतात. आधी तिथे विचारा, ग्रुपवर नंतर.)

आता पोलिसांचं. चौकीत म्हणाले, ‘पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबरला जा.’ सायबरला म्हणाले, ‘रक्कम किरकोळ आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात द्या.’ ठाण्यात म्हणाले, ‘समोरच्याचा नंबर परराज्यातला दिसतोय.’ हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ते आहे. तसं म्हटल्यावर, ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ फसवणुकीच्या जुन्या ४२० चं आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, हे मात्र त्यांनी मला आवर्जून शिकवलं. गुन्हा नोंदवला नाही, ‘अर्ज देऊन जा’. बँकेचं उत्तर दोन ओळींचं: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन का नाही केला?’ नाही केला, सणाची सकाळ होती, घरी पाहुणे होते. तुम्ही करा, त्याच मिनिटाला. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकून काढले गेले की गोठवायला फारसं काही उरत नाही. चॅट पुसू नका, यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, लिहून ठेवा. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ असा मेसेज मलाही आला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, निदान तिथे तरी मी शहाणी निघाले.

आणि कुठलंही तिकीट घेण्याआधी नाट्यगृहाचा आसनांचा तक्ता उघडून ती खुर्ची बोटाने शोधा.

अर्जाच्या पोचेवर शिक्का आहे, तारीख आहे. आवक क्रमांकाची जागा कोरी आहे.