पहिलं क्रोशे खेळणं: पिल्लू, डुक्कर, मेंढी की गाय?

पहिलं भरीव खेळणं विणायला घेताना बहुतेक जण फोटो बघून प्राणी निवडतात. गाय गोंडस दिसली की गाय. धड होतं, डोकंही होतं, आणि मग शिंगं, कान, पाय पिशवीत पडून राहतात. टाका तर सगळ्या प्राण्यांना एकच लागतो, मुका खांब, म्हणजे सिंगल क्रोशे. नव्या हाताला दमवतं ते सुटे भाग जागेवर सरळ शिवणं. म्हणून प्राणी ठरवण्याआधी त्याचे भाग मोजावेत.

साध्या रचनेत कोंबडीच्या पिल्लाचे 3 भाग होतात, धड आणि दोन पंख. डुकराचे 9, म्हणजे धड, नाकाड, दोन कान, चार पाय, शेपटी. मेंढीचेही 9, फक्त नाकाडाऐवजी वेगळं डोकं. गायीचे 12, आणि अंगावरचे ठिपके त्यावर आणखी.

पिल्लू

डोकं आणि धड एकच गोळा. चोच पिवळ्या-केशरी दोऱ्याने भरतात, त्यामुळे शिवायला फक्त पंख उरतात. मधल्या जाडीच्या लोकरीला 3 किंवा 3.5 मिमीची सुई घ्या. लोकरीच्या लेबलवर 5 मिमी लिहिलेलं असेल, पण ते स्वेटर-मफलरसाठी. खेळण्याची वीण घट्ट हवी, नाहीतर आतला कापूस टाक्यांमधून पांढरा डोकावतो.

मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढून आवळता येणाऱ्या सुरुवातीच्या फासात, 6 मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, 12. तिसरीत एक साधा आणि पुढच्यात दोन, असं सहा वेळा, 18. चौथीत दोन साधे विणून पुढच्यात दोन, 24. पाचवीत तीन साधे विणून पुढच्यात दोन, 30. सहावी ते अकरावी अशा सहा फेऱ्या 30 वरच. मग त्याच हिशेबाने, दोन टाक्यांचा एक करत, उलटं उतरायचं, 24, 18, 12, 6. कापूस 18 वर असताना भरायला घ्या, तोंड मिटेपर्यंत थोडा थोडा घालत राहा. एकूण 330 टाके, साधारण 10 ते 12 मीटर लोकर आणि जेमतेम 5 सेंमी व्यासाचा गोळा. पंखासाठी 6 आणि 12 टाक्यांची चकती करून मधोमध दुमडायची.

फेरी सरकत्या टाक्याने बंद करू नका, गोल गोल चालू ठेवा. पण मग फेरी कुठे सुरू झाली ते दिसत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात मार्कर हवाच. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. एखाद्या फेरीत टाका कमी-जास्त झाला तर उसवत बसू नका. पुढच्या फेरीत एक वाढवा किंवा एक कमी करा, गोळ्यावर ते दिसतही नाही. चार-पाच टाक्यांचा घोळ असेल तेव्हा मात्र उसवलेलं बरं, कारण गोळा एका बाजूला फुगतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वीण उलटी राहणं. सुलट बाजूला टाके इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसतात, उलट बाजूला प्रत्येक टाक्यावर आडवी दांडी दिसते. वाटी आपल्याकडे उघडी धरून आतल्या कडेवर विणत असाल तर उलट बाजू बाहेर येतेय. चौथ्या फेरीला ती पालटून घ्या.

डुक्कर

वरच्याच गोळ्यात मधे सहाऐवजी दहा फेऱ्या केल्या की लांबट धड तयार, 450 टाके. पायाला 6, मग 9, मग 9 च्या दोन फेऱ्या, म्हणजे 33 टाके, असे चार पाय. नाकाड 6, 12 आणि मग 12 ची एक फेरी फक्त टाक्याच्या मागच्या दोऱ्यातून विणलेली. त्या एका फेरीने कडा धारदार होऊन नाक चपटं दिसतं. कान 4, 6, 8. शेपटीला 8 साखळ्या घालून दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत दोन मुके खांब विणा. लांबीपेक्षा टाके जास्त झाले की पट्टी आपोआप पीळ घेते.

सगळे मिळून साडेसहाशेच्या वर टाके होतात, पिल्लाच्या जवळपास दुप्पट. शिवायचे भाग मात्र दोनावरून आठ, म्हणजे चौपट. डुक्कर पिल्लापेक्षा किती अवघड, ते या चौपटीवरून ओळखावं.

पाय शिवताना खेळणं लंगडतं, कारण धड गोल असतं आणि एकेक पाय शिवत गेलं की चौथा हवेत राहतो. चारही पाय आधी टाचण्यांनी लावा, पुढचे आठव्या फेरीपाशी, मागचे तेराव्या. टेबलावर उभं करून पाहा आणि मगच सुई घ्या. शेवटी टाचण्या मोजून काढा. प्रत्येक भागाला 20 ते 25 सेंमी दोरा शिल्लक ठेवा. तोकडा दोरा जोडत बसणं फार त्रासाचं असतं.

मेंढी आणि गाय

मेंढी सोपी वाटते, पण ती पहिल्यांदा करू नये असं आमचं ठाम मत आहे. लोकरीचा फुगीरपणा दोन प्रकारे येतो. एक तर खडबडीत, गाठाळ लोकर घ्यायची, ज्यात टाका डोळ्याला दिसतच नाही आणि बोटाने चाचपून मोजावा लागतो. किंवा पाच खांब, म्हणजे मुक्या खांबाहून उंच टाके, एकत्र आवळून फुगे काढायचे, ज्याला लोकरही जास्त लागते आणि मनगटही दुखतं. मेंढीच हवी असेल तर साधा ॲक्रिलिक गोळा विणून, भाग जोडण्याआधी तारेच्या ब्रशने हलकेच विंचरा. लव छान उठते. तंतू सुटतात, म्हणून तान्ह्या बाळासाठी हा उपाय नको.

गायीची अडचण रंगाची आहे. गोल विणताना मुक्या खांबाचे टाके प्रत्येक फेरीला जरासे बाजूला सरकतात, त्यामुळे विणतानाच घातलेला ठिपका तिरका होत जातो. सोपा मार्ग म्हणजे 6 आणि 12 च्या काळ्या चकत्या वेगळ्या करून वरून शिवणं. तरीही शिंगं उरतातच. ती इतकी लहान असतात की बोटात धरवत नाहीत. गाय तिसऱ्या-चौथ्या खेळण्याला घ्या.

सुती, ॲक्रिलिक की मखमली?

इथे आमचा कौल ॲक्रिलिकला, फिक्या रंगात. तिला थोडा ताण असतो, त्यामुळे हात घट्ट-सैल झाला तरी वीण सांभाळून घेते, आणि उसवून पुन्हा विणता येते. वापराने लव मात्र धरते. सुती दोऱ्यात टाके कोरल्यासारखे स्वच्छ दिसतात आणि खेळणं आकार टिकवतं, पण दोरा ताणत नाही, बोटं दुखतात, आणि सुईचं टोक दोऱ्याच्या पिळात शिरून त्याचे पदर सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेळण्याला सुती उत्तम.

मखमली लोकरीचे मोठे मऊ प्राणी पाहून मोह होतो. पण टाके दिसत नाहीत, उसवताना लव झडते आणि मॅजिक रिंग ओढताना दोरा तुटतो. घेतलीच तर मॅजिक रिंगऐवजी 2 साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत 6 मुके खांब विणा. मधे बारीक भोक राहतं, ते या लोकरीत लपून जातं. काळा रंग कुठल्याही लोकरीत पहिल्यांदा टाळा.

टाके कमी करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यांतून सुई घालून एक टाका काढला तर गाठही दिसत नाही आणि फटही पडत नाही. कापूस पिंजून, चिमटीचिमटीने भरा. ठासून भरला की वीण ताणून भोकं पडतात, कमी भरला की गोळा चेपतो. उरलेल्या लोकरीचे तुकडे भरू नका, गोळे होतात आणि धुतल्यावर लवकर वाळत नाहीत.

डोळे

प्लॅस्टिकचे सेफ्टी आय झटपट लागतात आणि चेहरा उजळतो. या मापाला 6 ते 8 मिमीचे पुरेत, पिल्लाला सातव्या आणि आठव्या फेरीच्या मधे, सहा टाक्यांच्या अंतरावर. आतली चकती एकदा दाबली की निघत नाही, म्हणून तोंड मिटण्याआधी डोळे नुसते खोचून चेहरा लांबून बघा, मगच दाबा. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर डोळे दोऱ्यानेच भरा. सैल वीण ताणली की प्लॅस्टिकचा डोळा चकतीसकट निसटतो आणि मूल तो तोंडात घालतं.