पोर्सेलिनची नर्तकी तुटली तर: पॅरालॉइड बी-७२ की इपॉक्सी?

जर्मनीतल्या ड्रेस्डेन पद्धतीच्या नर्तकीच्या मूर्तीचा घागरा म्हणजे खरी सुती लेस. ती पोर्सेलिनच्या पातळ घोळात बुडवून भाजतात. सूत जळून जातं, उरते अंड्याच्या टरफलाइतकी ठिसूळ जाळी. म्हणून डिंक निवडण्याआधी मूर्ती पाण्यात बुडवायची नाही हे पक्कं करा.

बोट किंवा जाळीचा तुकडा निखळला असेल तर पॅरालॉइड बी-७२ च घ्यावं, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळणारी ॲक्रिलिक राळ. जोडण्यासाठी वजनाने निम्मं ॲसिटोन, निम्मं राळ. कडा ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा, एकाच कडेला पातळ थर द्या, दाबा, चोवीस तास हलवू नका. चुकलं तर ॲसिटोनने पुन्हा सुटतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण ठाण्याच्या पावसाळ्यात ॲसिटोन उडताना जोड थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरट डाग पडतो. एसी लावून खोली कोरडी करूनच काम करा. शिवाय ही राळ ४० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात, बंद काचेच्या कपाटात आणि वर दिवा, तर वजनदार हात हळूहळू घसरतो.

घोटा किंवा कंबर तुटली, म्हणजे सगळा भार जोडावर, तर मात्र इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक. पातळ, संग्रहालयी प्रतीचंच. आधी तुकडे कोरडे जुळवून टेपने बांधा, मग फटीत थेंब सोडा, तो आपोआप आत शिरतो. दोन भागांचं प्रमाण डोळ्यांनी नाही, काट्यावर मोजा. चुकलं की चिकटच राहतं. हार्डवेअरच्या दुकानातलं इपॉक्सी पिवळं पडतं आणि काढताना झिलईवरची सोनेरी रंगरेषा जाण्याची भीती.