चेहऱ्याचा लकवा आणि एचआयव्ही तपासणी : जिल्हा रुग्णालयातील आयसीटीसी केंद्राचा अनुभव

माझ्या मेहुण्यांना सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळत असल्याचे जाणवले आणि दुपारपर्यंत उजवा डोळा मिटेनासा झाला. घरात ‘वारा लागला’ असे म्हणून शेकण्याची तयारी सुरू झाली होती. पण ते त्याच दिवशी एका खासगी दवाखान्यात गेले, हे बरे झाले, कारण या आजारात स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्यास चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. औषध योग्य मिळाले. मात्र रक्तातील साखरेच्या जोडीला एचआयव्हीची तपासणी लिहून देताना तिचे कारण कोणीही सांगितले नाही आणि त्या एका ओळीने घरातले सगळेच हादरले.

ते कारण आम्हाला जिल्हा रुग्णालयातील आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात समजले. तेथील समुपदेशक बाईंनी रक्त घेण्याआधी दार लावून घेतले, मेहुण्यांशी एकट्याने बोलायचे की मला सोबत ठेवायचे हे त्यांनाच विचारले आणि मगच विषयाला हात घातला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणाऱ्या बहुतेकांना एचआयव्ही नसतो. तरीही या विषाणूची लागण झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत चेहऱ्याची नस सुजू शकते, आणि प्रतिकारशक्ती खालावल्यावर नागिणीसारख्या संसर्गामुळेही असा लकवा होऊ शकतो. दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. लागण अगदी ताजी असेल, तर चाचणीत शोधली जाणारी प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) तयार झालेली नसल्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, हे त्यांनी केस पेपरच्या मागे एक आडवी रेघ ओढून दाखवले आणि जोखीम घडली असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी का करायची, तेही त्याच रेघेवर समजावले. इतके नेमके स्पष्टीकरण मला आजवर कोणत्याही ओपीडीत मिळालेले नाही.

तपासणी मोफत आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार रुग्णाची माहितीपूर्वक संमती आणि निकालाची गोपनीयता बंधनकारक आहे, आणि येथे दोन्ही खरोखर पाळली जातात. निकाल बंद खोलीत फक्त मेहुण्यांना सांगण्यात आला. तो त्यांचा असल्यामुळे येथे लिहीत नाही.

त्रुटी मात्र गंभीर आहे. केंद्राचा ठळक फलक आणि बाहेरचा बाक थेट मुख्य मार्गिकेत असल्याने, आतमध्ये जपलेली गोपनीयता बाहेर प्रतीक्षा करतानाच निम्मी संपते. ओळखीचे कोणी दिसेल या धास्तीने परत फिरणारे लोक मी पाहिले. बाक आतल्या बाजूला हलवायला फारसा खर्च येणार नाही आणि रुग्णालय प्रशासनाने हे तातडीने करावे. ज्यांना प्रत्यक्ष जाण्याआधी विचारपूस करायची आहे, त्यांच्यासाठी 1097 ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.