सोलोसाठी स्केल धरावा की ट्रायड?

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई नावाची जत्रा भरते आणि गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. स्टेजच्या कडेला कीबोर्ड घेऊन बसणारी बरीच पोट्टी भजनी मंडळात पेटी वाजवून तिथवर आलेली असतात. दोन कडव्यांमधली जागा मनाने भरायची वेळ आली की त्यांना प्रश्न पडतो: अख्ख्या स्केलवर, म्हणजे क्रमाने येणाऱ्या सगळ्या सुरांवर, बोटं फिरवावीत, की एकाआड एक घेतलेल्या तीन स्वरांचे ट्रायड शिकावेत? मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं उत्तर समोरच्या कॉर्डप्रमाणे, म्हणजे साथीत एकत्र वाजणाऱ्या स्वरांप्रमाणे, बदलतं.

खाली सगळीकडे पांढरी एक म्हणजे सी हा सा धरला आहे.

पेटीवाल्याला स्केल लगेच जमतो, हे खरं. पण सी मेजर कॉर्डवर (सा-ग-प) शुद्ध म जरा जास्त थांबला की शेजारच्या गशी घासतो, आणि सरळ चढ-उतारात कॉर्ड कधी बदलली ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. ट्रायडमध्ये कॉर्ड तुमच्या सुरांतूनच बोलते. साथीला फक्त ढोलकी असेल तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

मेजरवर नुसतं सा-ग-प वाजवलं तर बिगुलासारखं वाटतं. त्याऐवजी सी मेजरवर जी मेजर, म्हणजे प-नि-रे वाजवून पाहा. सातवा (नि) आणि नववा (वरचा रे) स्वर आपोआप येतो. डी मेजर, म्हणजे रे-तीव्र म-ध, तर आणखी गोड, कारण आपल्या कानाला तो यमन वाटतो. मात्र गाण्याच्या चालीत शुद्ध म असेल तर हा ट्रायड टाळावा.

मायनरवर मी फारसा भेद करत नाही. ए मायनरवर (ध-सा-ग) सी मेजर किंवा ई मायनर (ग-प-नि) चांगले बसतात, स्केलही बसतो.

खरा निकाल लागतो तो जी सेव्हनवर, म्हणजे प-नि-रे-म वर. इथे मी डोळे मिटून ट्रायड निवडेन. नि-रे-म हा सर्वांत सुरक्षित. रे-म-ध घेतला तर थोडा मोकळेपणा येतो. आणि सीकडे परतण्याआधीच्या शेवटच्या मात्रेवर डी फ्लॅट मेजर वाजवून पाहा: कोमल रे, शुद्ध म, कोमल ध. तिन्ही स्वर अर्धा-अर्धा सूर खाली उतरून सा, ग, प वर येतात. भैरव ऐकलेल्या माणसाला ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा डाव्या हातातला शुद्ध रे तेवढा सोडून द्या, नाहीतर कोमल रेशी भांडतो. आणि हा ट्रायड लांबवू नका. वाटेत टेकण्यापुरताच तो छान.

डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डवर, जशी नि-रे-म-कोमल ध, स्केल शोधत बसू नये. नि-रे-म हाच आकार तीन-तीन अर्धस्वरांनी वर सरकवत न्या. चार जागा मिळतात आणि चारही त्याच कॉर्डच्या स्वरांत राहतात.

नाट्यपद रागातलं असेल तर मात्र ट्रायड बाजूला ठेवा. भूपात सा-ग-प आणि ध-सा-ग असे दोन ट्रायड सापडतात खरे, पण नुसत्या उड्या मारल्या की रागाचं चलन मोडतं. तिथे गायकाच्या मागे जावं, हेच मला योग्य वाटतं.

सुरुवात करायची तर प-सा-ग पासून करा. एफ मेजर आली की ध-सा-म: सा जागेवर राहतो, बाकीची दोन बोटं वर सरकतात. मग जी सेव्हनवर नि-रे-म, इथे म तसाच राहतो. परत येताना नि सावर चढतो, म गवर उतरतो. आधी सावकाश, ठेक्याशिवाय वाजवा. हात पट्ट्यांवरून उचलावा लागेनासा झाला की मगच तीन स्वर सुटे करून त्यांचा क्रम बदलायला लागा.