पाकिटावर छापलेला क्रमांक आमचा नव्हताच

कोल्हापुरात माझ्या जाऊबाई आणि मी मिळून कांदा-लसूण मसाल्याचा छोटा व्यवसाय चालवतो. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे पाकीटबंद मालावर ग्राहकांच्या तक्रारींसाठी दूरध्वनी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तो टोल फ्रीच असला पाहिजे, असे नियमात कुठेही म्हटलेले नाही. परंतु १८०० ने सुरू होणारा क्रमांक असला की दुकानदार आपला माल जरा समोरच्या फळीवर मांडतो, अशी आमची समजूत होती आणि ती आम्हाला बरीच महागात पडली.

एका नामांकित दूरसंचार कंपनीचे अधिकृत भागीदार असल्याचे सांगून एका गृहस्थांनी फोन केला. टोल फ्री क्रमांकावर ग्राहकाला पैसे पडत नाहीत, ते क्रमांक घेणाऱ्याला भरावे लागतात, म्हणजे भाडे वेगळे आणि येणाऱ्या प्रत्येक मिनिटाचा आकार वेगळा, एवढे आम्हाला ठाऊक होते. त्यांची योजना मात्र वर्षाला साडेचार हजार रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि त्यात दीड हजार मिनिटे अशी होती. “मॅडम, इतक्या कमी खर्चात नंबर चालू ठेवणारे दुसरे कोणी मिळणार नाही,” असे ते म्हणाले, आणि आम्ही पाच हजार तीनशे दहा रुपये भरून मोकळ्या झालो. पॅन, जीएसटीचे प्रमाणपत्र, दुकानाच्या पाटीचा फोटो, सगळे त्यांनी मागून घेतले, त्यामुळे क्रमांक आमच्याच नावावर नोंदला जात आहे याविषयी शंका येण्याचे कारण नव्हते. दूरसंचार कंपनीकडे भरलेल्या मूळ अर्जाची प्रत मात्र आम्ही मागितली नाही.

पहिले वर्ष सुरळीत गेले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे मिरच्या बाजारात येऊन घरोघरी वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते नेमक्या त्याच वेळी, मिनिटे संपल्याचा संदेश आला आणि क्रमांक बंद पडला. जाऊबाईंनी कॉलचा तपशील मागवून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन घेऊन एकेक ओळ तपासली. त्या महिन्यातल्या ४१२ कॉलपैकी २९० कॉल आठ सेकंदांपेक्षा कमी वेळाचे होते, त्यांतले बहुतेक रात्री एक ते चारच्या दरम्यान आलेले होते, आणि प्रत्येकाचे पूर्ण एक मिनिट कापले गेले होते. रात्री दोन वाजता मसाल्याची चौकशी कोण करतो? ते कॉल कोणी केले हे आम्ही सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. मात्र ठरावीक वेळेनंतरचे कॉल अडवण्याची सोय चालू करा, अशी विनंती आम्ही आधी दोनदा केली होती आणि तिला उत्तर मिळाले नव्हते.

क्रमांक पुन्हा सुरू करण्यासाठी अठरा हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे एकवीस हजार दोनशे चाळीस रुपये मागण्यात आले. हे पैसे आम्ही दिले, आणि का दिले ते सांगणे आवश्यक आहे. हंगामासाठी छापून घेतलेला १८० किलो लॅमिनेटचा रोल गोदामात पडून होता आणि त्याच्या प्रत्येक पाकिटावर तो क्रमांक होता. छपाईवाल्यांनी वरून स्टिकर लावायला सुचवले, परंतु बंधनकारक माहिती स्टिकर चिकटवून बदलता येत नाही, असे आमच्या कर सल्लागारांनी स्पष्ट सांगितले. नवा क्रमांक छापायचा तर काळ्या रंगाच्या छपाईचा सिलिंडर, म्हणजे मजकूर कोरलेला साचा, नव्याने करून घ्यावा लागणार होता, रोल रद्दीत गेला असता, आणि हंगामातले पंधरा दिवसही हातचे गेले असते. आमची ही अडचण समोरच्याला आमच्यापेक्षा चांगली माहीत होती, कारण पाकिटाचा नमुना आम्हीच मोठ्या कौतुकाने त्यांना पाठवला होता.

खरा उलगडा झाला तो हिशेबाच्या कागदांतून. एप्रिलच्या मध्यावर कर सल्लागारांनी २बी हे जीएसटी पोर्टलवरचे विवरण पाहिले; विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांवरून आपल्याला किती कराची वजावट (क्रेडिट) मिळेल ते त्यात दिसते. तेव्हा त्या एकवीस हजारांच्या बिलावरील कराची नोंद त्यात नव्हती. पहिल्या वर्षीचे क्रेडिट व्यवस्थित आले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बिलावरचा पंधरा अंकी जीएसटी क्रमांक त्यांनी पोर्टलवर टाकला, तेव्हा नोंदणी आधीच रद्द झाल्याचे दिसले. म्हणजे सरकारला न भरलेला कर आमच्याकडून वसूल झाला होता. पोर्टलवरचा हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो आणि त्याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आम्ही पैसे भरण्याआधी खर्च केली नाहीत.

मे महिन्यात क्रमांक पुन्हा बंद पडला आणि त्या गृहस्थांचा फोनही लागेनासा झाला. दूरसंचार कंपनीच्या कार्यालयात गेल्यावर कळले की क्रमांक आमच्या नावावर कधीच नव्हता. तो त्या मध्यस्थाच्या खात्यावर होता, थकबाकीही त्याचीच होती, आणि खातेदाराखेरीज इतर कोणाशी बोलण्यास ते तयार नव्हते. कमी खर्चात क्रमांक चालू ठेवणे अशक्य नाही, पण त्यासाठी मूळ कंपनीकडचा अर्ज आपल्या नावाने असावा लागतो, मिनिट कसे मोजतात ते लेखी असावे लागते, आणि मिनिटांची शिल्लक दर आठवड्याला पाहावी लागते. खरे तर आता बहुतेकांच्या मोबाइल योजनेत बोलण्याचे वेगळे पैसे पडतच नाहीत, तेव्हा आमच्याएवढ्या व्यवसायाला साधा लँडलाइन क्रमांक पुरेसा होता.

सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन अडीच महिने उलटले होते. हाच फोन लगेच केला असता तर खात्यातली रक्कम गोठवण्याची काही शक्यता होती. ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलांनी एक अडचण दाखवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, पण ती सेवेलाही लागू होते आणि दोन जावांचा हा व्यवसाय त्या सवलतीत बसतो हे आम्हाला दाखवून द्यावे लागेल. त्यासाठी गेली तीन वर्षे घरखर्च कशातून चालला, याचे कागद सध्या जाऊबाई जमवत आहेत. उरलेला रोल अजून गोदामातच आहे.