मतपत्रिका, यंत्र की ऑनलाइन? खरा फरक फेरमोजणीच्या दिवशी कळतो

आमच्या संघटनेच्या चार निवडणुका मी निवडणूक अधिकारी म्हणून पार पाडल्या. पहिल्या दोन ऑनलाइन, नंतरच्या दोन कागदावर. हा क्रम ऐकून लोक दचकतात, कारण सगळं उलट दिशेने चाललंय असा सर्वसाधारण समज आहे. तुमच्याकडेही "यंदा कशी घ्यायची?" हा विषय निघाला असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. कुठली पद्धत कशी चालते हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. आमचे सभासद आठशेच्या आसपास, निम्मे लांब राहणारे, आणि चुरस म्हणाल तर भरपूर.

ऑनलाइनचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. पहिल्याच वर्षी मतदान चांगलंच वाढलं. जे सभासद वर्षानुवर्षं नुसते यादीत होते, त्यांनी मत दिलं. बाद मत हा प्रकारच उरला नाही. साडेपाचला मतदान बंद झालं आणि पाच पस्तीसला निकाल फळ्यावर लागला. मी खूश होतो. जिंकलेले तर होतेच, आणि हरलेल्यांचा फरक इतका मोठा होता की कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी सचिवपदाचा निकाल सहा मतांनी लागला.

हरलेले गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे, स्वभावाने शांत. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "तुमच्यावर माझा संशय नाही. पण माझ्याबरोबरची माणसं विचारतायत. एकदा मोजून दाखवा की." मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि 'निकाल' या बटणावर क्लिक केलं. पीडीएफ उतरली. आकडा तोच. ते म्हणाले, "हा कालचाच कागद झाला. मी मोजा म्हणतोय." मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच पीडीएफ, फक्त कोपऱ्यातली वेळ बदललेली. त्यांनी ती वेळ बोटाने दाखवली आणि हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मग आम्ही सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, आमची सिस्टीम पूर्णपणे एन्क्रिप्टेड आहे," म्हणजे सगळी माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "म्हणजे दाखवता येत नाही, असंच ना?" मला हो म्हणावं लागलं.

निकाल बरोबर होता असंच मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. पण माझं वाटणं त्यांच्या हातात देता येत नव्हतं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. बाकीचं सगळं त्यानंतरचं वाचन म्हणा हवं तर.

त्या वाचनात एक गोष्ट सापडली आणि बरं वाटलं. जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी जवळपास हेच म्हटलं होतं. तिथे २००५ च्या संसदीय निवडणुकीत काही ठिकाणी मतदान यंत्रं वापरली होती. निवडणूक ही सार्वजनिक गोष्ट आहे, म्हणून तिचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत, असं न्यायालयाने सांगितलं. ती यंत्रं या कसोटीला उतरली नाहीत. गडबड झाल्याचा पुरावा मात्र नव्हता, म्हणून ती निवडणूक रद्द झाली नाही. आमच्या सचिवपदाचं दुखणं नेमकं हेच होतं. आकडा चुकलाय असं कुणीच म्हणत नव्हतं. तो चुकलेला नाही हे दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं.

ऑनलाइनची दुसरी कटकट ओटीपीची. एका ज्येष्ठ सभासदांचा नंबर मुलाच्या फोनशी जोडलेला होता. ओटीपी मुलाला गेला आणि मतही मुलानेच दिलं. वडिलांना संध्याकाळी कळलं. हे एक प्रकरण माझ्या कानावर आलं. कानावर न आलेली किती असतील? मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा बावळट दिसतो खरा, पण त्याच्यामागे माणूस एकटा असतो. घरात कुणी एकटं नसतं. गुप्त मतदानाची आजची रीत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाली, ती मुळात मत देताना शेजारी कुणी उभं असू नये म्हणूनच.

एस्टोनियाचं उदाहरण इथे हमखास पुढे येतं, आणि ते द्यायलाही हवं. तिथे २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. पण त्यांनी दडपणाचा विचार केलेला आहे. मतदाराला पुन्हा मत देता येतं, शेवटचं धरलं जातं आणि कागदावरचं मत ऑनलाइनच्या वर. शिवाय प्रत्येक नागरिकाकडे सरकारी डिजिटल ओळखपत्र. आमच्या सेवेत यातलं काहीच नव्हतं. होता तो ओटीपी आणि विश्वास. दुसरीकडे स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली टपाल खात्याच्या मतदान प्रणालीचा कोड संशोधकांना तपासायला खुला केला, तर पडताळणीच्या भागातच गंभीर दोष निघाले आणि ती प्रणाली थांबवावी लागली. मला यात स्विस लोकांचं कौतुक वाटतं. त्यांनी निदान कोड उघडा केला. आमच्या कंपनीकडे मी फक्त लॉग, म्हणजे प्रणालीने केव्हा काय केलं याच्या नोंदी, मागितले होते, तर करारातलं कलम दाखवलं.

आता यंत्रं. हा भाग थोडक्यात उरकतो, कारण आठशे सभासदांच्या संस्थेला यंत्र म्हणजे हत्ती पाळण्यासारखं आहे. विकत घेणार असाल तर आयर्लंड आठवा. त्यांनी यंत्रांवर पाच कोटी युरोंहून जास्त खर्च केले, २००२ मध्ये मोजक्या मतदारसंघांत वापरून पाहिली, लोकांना पटली नाहीत, आणि २०१२ मध्ये सुमारे ७० हजार युरोंना भंगारात काढली.

यंत्रावर माझा राग नाही. रात्री अकराला डोळे चुरचुरत असताना माणसं चुका करतात, यंत्र सहसा करत नाही. पण यंत्राची चूक झाली तर ती तोंडावर दिसत नाही. बेल्जियममध्ये २००३ साली स्कारबेक या भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. तपास करणाऱ्यांनी कारण दिलं ते मेमरीतला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारी सर्वांत लहान जागा, आपोआप पलटल्याचं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमकी अशा एका बिटाची किंमत. ही चूक लक्षात आली ती आकडा अशक्य वाटण्याइतका मोठा होता म्हणून. समजा बिट कमी किमतीचा असता आणि फरक चारच मतांचा पडला असता, तर? आमच्यासारख्या सहा मतांनी लागणाऱ्या निवडणुकीत हा विचार झोप उडवतो.

म्हणून यंत्र घ्यायचंच तर त्याच्या शेजारी कागद हवा, एवढं मी ठामपणे म्हणेन. भारतात व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे यंत्राला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या प्रिंटरच्या, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. सगळ्याच चिठ्ठ्या ताडाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केली नाही. किती चिठ्ठ्या तपासल्या म्हणजे पुरे, यावर शहाणी माणसंही भांडतात. मला त्यातली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची रीत आवडते. तिथे २०१७ पासून राज्यभर, मोजणी स्कॅनरने झाल्यावर, काही मतपत्रिका उचलून हाताने तपासतात. लढत जितकी अटीतटीची तितक्या जास्त मतपत्रिका काढायच्या. कुठल्या काढायच्या हे ठरवणारा आकडा लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून मिळवतात. लाखो मतांचा कारभार, आणि मुळाशी टेबलावर खडखडणारे फासे! तुमचे सभासद दहा-बारा हजार असतील, तर मतपत्रिका, स्कॅनर आणि अशी तपासणी हा मेळ जरूर बघा. मी स्वतः वापरलेला नाही, तेव्हा यापुढे बोलत नाही.

उरला कागद. झुकतं माप कुणाला मिळणार हे एव्हाना तुम्ही ओळखलं असेल, तरी त्याचे दुर्गुण लपवत नाही. पेट्या भरल्या गेल्यात, गठ्ठे बदलले गेलेत, आणि मोजणारेच एका बाजूचे असतील तर कागद कुणाला वाचवत नाही. कागद भोंगळही असू शकतो. २००० साली फ्लोरिडात अमेरिकेचा अध्यक्ष ५३७ मतांच्या फरकाने ठरला, तेव्हा मतासाठी मतपत्रिकेवर टोचलेली, पण अर्धवट राहिलेली भोकं भिंगातून बघत बसलेले अधिकारी सगळ्या जगाने पाहिले. मतपत्रिका नुसती असून भागत नाही, ती कुणालाही एकाच तऱ्हेने वाचता आली पाहिजे.

आम्ही शिक्क्यावर वेळ घालवला तो यासाठी. घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या रकान्यात उमटते आणि मग हे मत नक्की कुणाचं यावर वाद. आमचा शिक्का फिरकीच्या आकाराचा करून घेतला. उमटलेली प्रत आरशातल्यासारखी उलटी फिरते, त्यामुळे खरा ठसा कुठला ते पोरसवदा मतमोजणी प्रतिनिधीलाही कळतं. मतपत्रिकेवर क्रमांक टाकला नाही, मागे माझी सही तेवढी. छापलेल्या किती, दिलेल्या किती, खराब झालेल्या किती, शिल्लक किती, हा हिशेब पेटी उघडण्याआधी मोठ्याने वाचला. मोजणी त्याच खोलीत, त्याच संध्याकाळी. पेटी रात्री कुठे ठेवायची हा प्रश्नच येऊ दिला नाही. पाच पदं, तीन टेबलं, अडीच तास.

आणि योगायोग बघा, तेच गृहस्थ पुन्हा सचिवपदाला उभे होते. पाच मतांनी मागे पडले. फेरमोजणी मागितली. या वेळी माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे सोडले. एकेक मतपत्रिका उचलायची, दोन्ही बाजूंना दाखवायची, नाव घ्यायचं, खाली ठेवायची. समोरच्या उमेदवाराच्या चौथ्या गठ्ठ्यात त्यांच्या प्रतिनिधीने हात वर केला. त्यांचं एक मत तिथे चिकटून गेलं होतं. ते इकडे आलं, फरक पाचाचा तीन झाला. माझी मान खाली गेली, कारण पहिली मोजणी माझ्या सहीची. गृहस्थ मात्र म्हणाले, "सापडलं ना? झालं तर," आणि तक्त्यावर सही करून विजयी उमेदवाराच्या पाठीवर थाप मारून गेले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दाखवलेला आकडा कितीही वेळा बटण दाबलं तरी हलला नव्हता, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. हा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत दोनाने हलला आणि त्यांनी सही केली. मी अजूनही यावर विचार करतो.

कागद असला की सगळेच पटवून घेतात असं नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, काही काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) मोजायच्या राहिलेल्या मतपत्रिका सापडल्या, फरक किंचित बदलला, विजेता तोच राहिला. तरी न मानणारे न मानणारेच राहिले. आमच्याकडेही एक सभासद अजून कुरकुरतात, पण त्यांचं म्हणणं आता "गठ्ठे नीट बांधा" असं असतं. त्याला उत्तर देता येतं.

लांबच्या सभासदांचं काय, हा कागदाविरुद्धचा सर्वांत खरा मुद्दा. आम्ही टपालाची सोय ठेवली, दोन पाकिटांची. बाहेरच्यावर नाव आणि सही, आतलं कोरं. सही जुळली की आतलं पाकीट न उघडता पेटीत. घरच्या दडपणाचा धोका इथेही आहेच, आणि मतदान ऑनलाइनच्या मानाने घटलं हेही कबूल करतो. ही किंमत मला परवडली. तुमचे सगळेच सभासद विखुरलेले असतील तर तुम्हाला कदाचित परवडणार नाही. मतदार यादीचं तर बोलायलाच नको. ती चुकलेली असेल तर तिन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी. मतदानाच्या महिनाभर आधी ती लावा आणि हरकती लेखी घ्या.

ऑनलाइनच जायचं ठरलं तर दोन-तीन गोष्टी करारात आधी लिहून घ्या: मत बदलण्याची सोय, आपलं मत जसं दिलं तसंच नोंदलं गेलंय हे मतदाराला तपासता येणं, आणि मोजणीसाठी मतं उघडणारी डिजिटल किल्ली कंपनीकडे नव्हे तर दोन्ही गटांच्या माणसांकडे विभागून. मग प्रात्यक्षिकाला बसाल तेव्हा विचारा, "सहा मतांनी हरलेला माणूस उद्या माझ्यासमोर बसला, तर त्याला मी काय दाखवू?" उत्तराची सुरुवात एन्क्रिप्शनने झाली, तर छापखान्याचा नंबर शोधायला घ्या.